दार कोणी उघडलं

८ फेब्रुवारी

बोलून लिहिते आहे. बोटांना अजून पेन धरता येत नाही, म्हणून मी बोलायचं आणि फोननं टिपायचं असा आमचा करार आहे. आज जे झालं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, आणि नवरा कुठल्यातरी सातमजली इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला गेला आहे.

आज नोंदणी कार्यालयात गेले होते. दोन वर्षांपूर्वी कागद कापायच्या मशीननं माझे दोन्ही हात मनगटाच्या वरून तोडले. तेव्हापासून नोंदणीत माझ्या नावापुढे ‘सूट’ असं लिहिलेलं आहे. म्हणजे जिथे जिथे बोट टेकवून आपण कोण ते सांगायचं, तिथे तिथे माझ्यासाठी नवऱ्यानं टेकवायचं. औषधं घ्यायची तर त्याचं बोट, माझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानाचा परवाना पुढे चालू करायचा तरी त्याचंच बोट. भला माणूस, कधी कुरकुर केली नाही. पण आपण आहोत हे रोज दुसऱ्याच्या बोटानं सांगायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. गेल्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी मला हात बसवले. लाकडाचे नाहीत की रबराचे नाहीत. एका नुकत्याच गेलेल्या माणसाचे, रक्तामांसाचे. बोटं जरा वाकायला लागली की पहिलं काम काय करायचं ते मी तेव्हाच ठरवून ठेवलं होतं.

खिडकीवरच्या बाईंनी माझी बोटं एकेक करून काचेवर ठेवून घेतली. मशीननं थोडा विचार केला. मग त्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं, आणि “हे तुमचे कोण?” असं विचारत पडदा माझ्याकडे फिरवला.

पडद्यावर एक तरुण मुलगा हसत होता. कान थोडे बाहेर आलेले, एक भुवई वर. डॉक्टरांनी इतके महिने जे नाव माझ्यापासून लपवून ठेवलं, जे लपवा म्हणून कायद्यानंच सांगितलं आहे, ते सरकारी मशीननं भर खिडकीत सांगून टाकलं. ते मी इथे लिहिणार नाही. नावाखाली धंदा लिहिला होता: फरशी बसवणे. त्याखाली लाल अक्षरांत: मयत.

मी त्याचे हात मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत बसले. अंगावर काटा आला, तोही फक्त मनगटाच्या वरपर्यंत. खाली अजून येत नाही. हात जोडावेसे वाटले, पण ते त्याचेच होते. मला काय वाटलं ते सांगायला आजवर वापरलेला एकही शब्द पुरत नाही.

बाईंनी मला नियम वाचून दाखवला. एक ठसा, एक माणूस. मेलेल्या माणसाचे ठसे कायमचे बंद होतात, दुसऱ्या कोणाला देता येत नाहीत. मी म्हटलं, बरं, मग माझी सूट चालू राहू दे. त्यावर त्या म्हणाल्या की सूट फक्त हात नसलेल्यांना असते आणि मला तर चांगली दहा बोटं दिसताहेत. असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे सूट रद्द केली. हात नव्हते तेव्हा निदान मी होते.

१० फेब्रुवारी

प्रकरण वाटलं त्यापेक्षा गंभीर आहे. औषधाच्या खिडकीवर मशीननं मला नाकारलं. ही औषधं मला जन्मभर घ्यायची आहेत, शरीराला हे हात परके वाटू नयेत म्हणून. ती थांबली की शरीर हात नाकारायला लागतं आणि मग ते काढावे लागतात. डॉक्टरीणबाईंनी हे सगळं मला ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं, पण त्यात सरकारी मशीन मध्ये येईल हे त्यांनाही माहीत नव्हतं. सध्या त्या रुग्णालयातल्या साठ्यातून देणार आहेत. किती दिवस, असं विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही कोर्टात जा, निकाल लागेपर्यंत मी कसंही करून देते, त्यानंतर माझ्या हातात नाही.

संध्याकाळी वकिलांकडे गेलो. वकीलसाहेब सगळं ऐकून “सोपं आहे” म्हणाले आणि मग कपाटातून एकामागून एक जाड पुस्तकं काढत राहिले.

२ मार्च

आज सकाळी स्टीलचा पेला उचलला आणि गार लागला.

परत लिहिते. गार लागला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाला. मी पेला खाली ठेवला, परत उचलला, परत गार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की मनगटाच्या वरच्या माझ्या नसा त्या हातांमध्ये रोज केसभर पुढे सरकत जातील. केसभर. झोपेत, जेवताना, वकिलांच्या पायऱ्या चढताना मी गुपचूप त्याच्या बोटांमध्ये शिरत होते, आणि आज टोकाला पोचले. ओट्यापाशी उभी राहून रडले. नवरा धावत आला, काय झालं म्हणून कोपर धरलं. तो नेहमी कोपरच धरतो. हातांना त्यानं आजवर बोट लावलेलं नाही. शिसारी येत असेल. परक्या पुरुषाचे हात बायकोला, म्हणजे कोणालाही विचित्रच वाटणार. मी विचारत नाही.

अजून एक गोष्ट. हे हात कधीकधी आपले आपण टेबल वाजवतात. मी काही विचार करत असले की बोटं टकटक, टकटक सुरू होतात. त्या मुलाची सवय असणार. फरशी पोकळ बसली की भरीव, ते बघायला असंच ठोकून बघत असेल. माझ्यात राहून तो अजून फरशा तपासतो आहे, असा विचार येतो आणि मी थक्क होते.

१९ मार्च

दुपारी दुकानात एक बाई आल्या. पन्नाशी उलटलेली, अंगाला शांपूचा वास, मनगटं मजबूत. मला वाटलं, एखादं सुटं झालेलं पुस्तक शिवून घ्यायचं असेल. त्यांनी फोन पुढे केला. त्यावर नोंदणी कार्यालयाचा संदेश होता: आपल्या मुलाच्या ओळखीचा आज वापर झाला आहे; हे आपल्या माहितीत नसल्यास कळवावे. तारीख ८ फेब्रुवारी.

मेलेल्या मुलानं बोट टेकवलं, असं त्या माउलीला मशीननं कळवलं होतं. त्या चौकशीला गेल्या, तेव्हा वारस म्हणून त्यांच्या हातात माझ्या दाव्याची नोटीस पडली आणि तिच्यावर दुकानाचा पत्ता होता. मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले, चोरी सापडल्यासारखे.

“बघू?” त्या म्हणाल्या.

मी हात पुढे केले. त्यांचं केस कापायचं दुकान आहे, त्यामुळे दुसऱ्याचा हात हातात घ्यायची त्यांना सवय असावी. तळवे उलटे केले, सुलटे केले, उजव्या अंगठ्याच्या बुडाशी बोट फिरवलं. तिथे थापीचा घट्टा होता म्हणाल्या. मग म्हणाल्या की त्याचे हात उन्हानं रापलेले असायचे, हे उजळलेत. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं की मी रोज मलम चोळते, डॉक्टरांची ताकीदच आहे, आणि आता कातडी किती मऊ झाली आहे बघा. त्यांनी माझे हात हळूच टेबलावर ठेवले. आवडलं असावं.

धीर करून मी विचारलं, तो टेबलावर बोटं वाजवायचा का? त्यांनी जरा वेळ माझ्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हो. वाजवायचा.”

मला इतकं भरून आलं की चहा करायचंही सुचलं नाही. मग त्यांनी येण्याचं खरं कारण सांगितलं. त्यांच्या घरामागे एक खोली आहे. पूर्ण झाल्यावरच आईला दाखवायची म्हणून तो ती महिनोन्‌महिने सजवत होता, आणि तिनं डोकावू नये म्हणून दाराला बोटानं उघडणारं कुलूप लावलं होतं, नोंदणीला जोडलेलं. मग एका सकाळी जिन्यावर त्याच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. खोली तेव्हापासून बंद आहे. मी म्हटलं, कुलूप फोडायला कोणीही येईल की. त्या म्हणाल्या, “फोडायला माणूस कधीही मिळतो. पण ते त्यानं स्वतःच्या हातानं लावलंय. त्याच हातानं उघडलं तर बरं वाटेल. जमलं तर बघा.”

मी हो म्हटलं. कोण नाही म्हणेल?

२१ मार्च

वकीलसाहेबांनी नाही म्हटलं. तेही चक्क उभं राहून.

आपला सगळा दावा काय आहे, त्यांनी मला शाळेतल्या मुलाला समजावतात तसं समजावलं. दावा असा आहे, की ही बोटं आता माझी आहेत. ठसे नव्यानं कोणाला मिळत नसले तरी आधी लावलेली कुलपं निकालापर्यंत चालू आहेत. उद्या मी त्या दाराला बोट टेकवलं की कुलूप नोंदणीला कळवणार, अमुक मयत इसमानं दार उघडलं. समोरचा वकील ते कागद नाचवत येईल आणि म्हणेल, बघा, बोटं अजून त्याचीच आहेत. शिवाय मेलेल्याच्या ठशानं त्याचं कुलूप उघडणं हा तोतयेगिरीचा गुन्हा आहे तो वेगळाच. आणि बोटं माझी असतील, तर परक्याच्या दाराला ती लावायचा मला अधिकार काय? “दोन्हीकडून सापडाल,” ते म्हणाले. सोपं आहे, हे या वेळी म्हणाले नाहीत.

म्हणजे दार उघडलं तर हात जाऊ शकतात.

त्या बाईंना फोन करून नाही म्हणून सांगितलं. कारणंही सांगितली, भरपूर. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. हात सांभाळा.” एवढंच. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

२७ एप्रिल

मी लिहिलं!

काल पेन बोटांत अडकवून बसले होते, डॉक्टरीणबाईंचा व्यायाम. आडव्या रेघा, उभ्या रेघा. मग सहज एका चिठोऱ्यावर लिहिलं: दूध संपलंय. आणि बघतच राहिले. थरथरतं होतं, पावसात भिजलेल्या कोंबडीसारखं, पण अक्षर माझं होतं. ज्या अक्षरावरून शाळेत मार खाल्ला, ज्याला नवरा ‘उताराला लागलेलं अक्षर’ म्हणतो, तेच, ओळ उजवीकडे खाली घसरणारी. हात त्याचे, आणि अक्षर माझं कसं? डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या हसल्या. म्हणाल्या, अक्षर हातात नसतंच कधी, वर डोक्यात असतं. त्यांना हे रोजचं आहे. मी मात्र दिवसभर त्या दोन शब्दांकडे बघत होते. माणूस नेमका कुठे असतो?

चिठ्ठी फ्रिजवर लावली होती, नवऱ्यानं येताना दूध आणावं म्हणून. आज सकाळी बघते तर चिठ्ठी गायब, आणि दूधही नाही.

१५ मे

ही नोंद हातानं लिहिते आहे, एक ओळ लिहायला चहा थंड होतो इतका वेळ लागतो, म्हणून थोडक्यात. सुनावणी जूनमध्ये आहे. आज वकिलांना विचारलं, आपण जिंकलो तर त्या दाराचं काय? म्हणाले, जिंकलो की ठसे तुमच्या नावावर येणार आणि मयताच्या नावावरची कुलपं त्याच क्षणी मरणार. हरलो तर ठसे कुलपांसकट कायमचे बंद होणार, वर हात राहतील की नाही कोणी सांगावं. म्हणजे काहीही झालं तरी निकालानंतर ते दार या हातांनी उघडणार नाही. मी विचारलं, आणि निकालाआधी? त्यांनी कानांवर हात ठेवले.

सुटे पैसे काढताना नवऱ्याच्या पाकिटात ‘दूध संपलंय’ची चिठ्ठी सापडली, घडी घालून ठेवलेली. दूध आणायचं विसरला तो विसरला, वर चिठ्ठी जपून ठेवली आहे. काय माणूस आहे.

२ जून

गेले.

कोणालाही विचारलं नाही, वकिलांना तर नाहीच. फक्त नवऱ्याला सांगितलं की मी चालले आहे. तो चपला घालायला लागला. मी म्हटलं, हात गेले तर? तो म्हणाला, “मागे नव्हते तेव्हा होतोच की मी.” आणि बसचं वेळापत्रक बघायला गेला.

घरामागची खोली. दार साधं, वर गंजाचे डाग. कुलूप पाहून नवऱ्यातला मेकॅनिक जागा झाला. हे मी पेचकसानं पाच मिनिटांत उघडून देतो, असं म्हणाला. मी डोळे वटारले तेव्हा मागे सरला. त्या बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, एप्रन तसाच, त्यावर कोणाचे तरी केस. मी त्यांना विचारलं, कुठलं बोट? त्यांना माहीत नव्हतं. मग मी अंगठा टेकवला.

खट्‌ असा आवाज झाला. इतका लहान, की कोणी शिंकलं असतं तर ऐकूच आला नसता.

आत फरशी होती. मी फरश्या पुष्कळ पाहिल्या आहेत, कोणी बघतं का फरशीकडे? पण ही... ज्या ज्या घरात त्यानं काम केलं, तिथला एकेक उरलेला तुकडा त्यानं घरी आणला होता. कोणाच्या न्हाणीघरातला निळा, कोणाच्या दवाखान्यातला पांढरा, कुठल्या दुकानाचा काळा, देवळातल्यासारखा गुळगुळीत, शाळेच्या व्हरांड्यातला खरबरीत. सगळे तासून, जुळवून, भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेले. सांधा दिसू नये असे. खिडकीतून ऊन आलं होतं आणि अख्खं गाव खाली पसरलं होतं. मी माझ्या आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही. दाराजवळच्या कोपऱ्यात तेवढी थोडी जागा उघडी राहिली होती, आणि तिथले तुकडे शेजारी रचून ठेवलेले होते. बाकी सगळं पुरं होतं.

मी खाली बसले आणि दोन्ही तळवे फरशीवर टेकवले. मला वाटलं होतं, हातांना काहीतरी आठवेल. काही आठवलं नाही. फरशी गार लागली, बस्स. गार लागली हेसुद्धा मलाच. मला त्या बाईंची लाज वाटली, की एवढं करून मी त्यांना काहीच देऊ शकत नाही. वर पाहिलं तर त्या फरशीकडे बघतच नव्हत्या, माझ्या हातांकडे बघत होत्या. मी म्हटलं, तुम्ही फरशी बघा ना. त्या म्हणाल्या, बघते, ती कुठे जाते?

निघताना त्यांनी दार लावलं नाही. एक जुनी वीट लावून उघडंच ठेवलं.

१२ जून

सुनावणी झाली. सगळं लिहायला हवं, बोटं दुखली तरी.

नोंदणी कार्यालयाच्या वकिलांबद्दल मी मनात शिव्या घेऊन गेले होते, पण माणूस सभ्य निघाला आणि शहाणाही. ते म्हणाले, या बाईंबद्दल आमच्या मनात काही नाही. पण आज हात आहेत, उद्या चेहरे बदलतील, आवाज तर आत्ताच उसना मिळतो. लोक आपलं घर, आपली मुलं, आपलं सगळं एका भरवशावर नोंदणीच्या हवाली करून झोपतात, की ठसा फिरत नाही. तो एकदा फिरू दिला की उद्या प्रत्येक तोतया म्हणेल, बोट माझंच आहे. मला ते पटलं. आपल्याविरुद्धचं बोलणंही पटू शकतं हे आज कळलं.

मग त्यांनी तो कागद काढला. “दोन जूनला दुपारी,” ते म्हणाले, “मयत इसमानं आपल्या घराचं दार उघडलं.” कोर्टात थोडं हसू झालं. आमच्या वकीलसाहेबांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

न्यायाधीशबाई जाडजूड, संथ, एक शब्द बोलल्या की पाणी पितात. त्यांनी मला उभं केलं.

“दार कोणी उघडलं?”

“मी.”

“कोण म्हणून?”

मी काही ठरवून गेले नव्हते. म्हटलं, “मी म्हणूनच. हात त्यांचे होते, मला माहीत होतं. जाऊ नको म्हणून वकिलांनी सांगितलं होतं, तेही माहीत होतं. पण जायचं मी ठरवलं. त्याची जी काही शिक्षा असेल ती मलाच होईल, त्यांना कशी होणार?”

मग त्यांनी मागे बसलेल्या त्या मुलाच्या आईला विचारलं. तुम्ही कोणाला बोलावलं होतं? तुमच्या मुलाला? त्या बाई जागच्या जागी उठल्या आणि म्हणाल्या, “नाही हो. ह्यांना बोलावलं. तो असता आणि त्याला बोलावलं असतं, तर उद्या येतो म्हणाला असता.”

कोणी हसलं नाही. न्यायाधीशबाई पाणी प्यायल्या.

शेवटी जबाबावर सही करायची होती. मी केली, उताराला लागलेली. समोरच्या वकिलांकडे माझ्या दुकानाचा जुना परवाना होता, अपघाताच्या आधीचा. त्यांनी दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या, चष्मा काढला, परत घातला, आणि दोन्ही कागद स्वतःच वर पाठवले. मला वाटलं होतं, कायदा म्हणजे खिडकीवरची बाई. आज एका खोलीत इतकी अनोळखी माणसं, बाजूनं आणि विरोधात, जीव ओतून एकच गोष्ट शोधत होती, की मी कोण. असं कोण कोणासाठी करतं?

३० जून

जिंकलो. नोंद माझ्या नावावर, औषधं चालू.

न्यायाधीशबाईंनी निकाल वाचला त्यातलं जेवढं आठवतं तेवढं: ठसा ही किल्ली आहे. किल्ली कोणाकडे आहे हे नोंदणीनं जरूर बघावं, पण किल्लीवरून माणूस ठरवू नये. माणूस तो, जो ठरवतो आणि आपण ठरवल्याचं उत्तर द्यायला उभा राहतो. अर्जदार बाईंनी दुसऱ्या कोणाचं नाव लावलं नाही, म्हणून ही तोतयेगिरी नाही. हे ठसे मृत्यूपर्यंत त्या मुलाचे होते आणि ऑपरेशनच्या दिवसापासून अर्जदाराचे आहेत. नोंदीत दोन्ही राहतील, एकही पुसायचा नाही. पुढे असे आणखी लोक येतील आणि प्रत्येकानं कोर्टात यावं हे बरं नाही, म्हणून नोंदणीनं नवा नियम करावा. मयताच्या नावावरची कुलपं आजपासून बंद.

त्या बाई मागच्या बाकावर होत्या. ‘बंद’ म्हटलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, दुकानात गिऱ्हाईक केस कसे हवेत ते सांगतं तेव्हा डोलावत असतील तशी. जाताना मला भेटल्या नाहीत. घाई असेल.

बाहेर जिना उतरताना नवऱ्यानं माझा हात धरला. कोपर नाही, हात. बसस्टॉपपर्यंत सोडला नाही. त्याच्या हाताला नेहमीसारखं ग्रीस होतं आणि आम्ही दोघंही काळे झालो. इतके दिवस शिसारी आणि आज एकदम हे, निकालात असं काय होतं कोण जाणे.

६ जुलै

जेवताना माझी बोटं टेबलावर वाजायला लागली. मी म्हटलं, बघ, आला तो. नवऱ्यानं घास थांबवला. “तो कोण? पहिल्यांदा भेटलो तेव्हा चहाच्या कपावर तू हेच वाजवत होतीस. मला वाटलं, बाई कंटाळली. उठूनच चाललो होतो.”

मी थक्क. खरंच? तो म्हणाला, अपघातानंतर दोन वर्षं टेबल गप्प होतं, आता परत सुरू झालं. मग त्या बाई ‘हो, वाजवायचा’ असं का म्हणाल्या? त्यालाही ती सवय असेल. असतील दोघांच्या सवयी सारख्या.

२१ ऑगस्ट

आज हातांना वर्ष झालं. नवऱ्यानं केक आणला होता. इतक्यात त्या बाईंचा फोन आला, इतक्या दिवसांनी. वेळ आहे का, कोपरा तेवढा राहिलाय, म्हणाल्या. मी लगेच निघाले, म्हटलं केकही नेऊ. नवऱ्यानं केकचा डबा हळूच ओट्यावरच ठेवला. बसमध्ये बसल्यावर त्याला त्यावरून बोलणार, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आज त्या घरात कसला दिवस असेल. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

दाराला वीट तशीच होती. त्यांनी सिमेंट कालवून ठेवलं होतं, केसांचा रंग कालवायच्या वाडग्यात. त्याची थापी होती, मूठ झिजलेली. मी हातात घेतली. हात तोच, थापी तीच, आणि मला ती धरायची कशी हेसुद्धा कळेना. पुस्तक शिवायला सांगा, डोळे मिटून शिवीन. गेल्या महिन्यापासून परत शिवते आहे, उजव्या तर्जनीला सुईचा घट्टाही पडायला लागला आहे. पण हे काम माझं नव्हे. तुकडे त्यानं रचून ठेवलेल्या क्रमानंच लावले. एक बसला, दुसरा बसला. शेवटचा, शाळेच्या व्हरांड्यातला, दाबला तर एका कोपऱ्याला वर उचलला गेला. परत दाबला, दुसरा कोपरा वर. शेवटी बसला तो तिरकाच. त्या अख्ख्या गावात एकच घर कलंडलेलं.

त्या बाई गुडघ्यांवर बसून बघत होत्या. त्यांनी माझे हात स्वतःच्या एप्रनला पुसले, बोट न्‌ बोट, सुईच्या घट्ट्यापाशी जरा थांबल्या. मग त्या तुकड्याकडे पाहिलं आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसायच्या थांबेनात.

“त्यानं असं वाकडं जन्मात बसवलं नसतं,” त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिमेंट ओलं होतं, म्हणून मी विचारलं, काढून परत बसवू का?

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “हे तुझं.”